घरची मोटार घेऊन महाडच्या शर्यतीला

आमच्या घरी मोटार आली ती हौसेसाठी नाही. माझे यजमान डॉक्टर आहेत. पुण्याबाहेरच्या खेड्यांतून त्यांना रोग्यांकडे जावं लागतं, म्हणून त्यांनी ही कापडी टपाची जुनी टूरर गाडी विकत घेतली. हौस मागाहून आली. रविवारी गाडी धुता धुता यांनी मला ती चालवायला शिकवली, मी परवाना काढला, आणि पर्वतीपासून खडकवासल्यापर्यंत मी ती पुष्कळदा नेली. घाटात मात्र कधी नेली नव्हती.

संक्रांत झाली आणि महाडहून कर्णिकांचं बोलावणं आलं. कर्णिक हे यांचे जुने स्नेही. सरकारी रस्त्यांच्या कामावरून निवृत्त होऊन ते महाडला राहतात. महाड-पोलादपूरकडच्या मोटारवाल्या मंडळींनी मिळून सावित्रीकाठी एक शर्यत ठरवली होती. भात कापून झालेल्या खाचरांचे बांध मोडून, रूळ फिरवून लांबट गोल मार्ग तयार करायचा होता. अट एकच: शर्यतीसाठी मुद्दाम बांधलेली गाडी चालणार नाही, रोज रस्त्यावर धावणारीच हवी.

"जाऊ या का?" यांनी मला विचारलं. विचारताना हातात चाकात हवा भरायचा पंप होताच, तेव्हा उत्तराची फारशी गरज नव्हती.

त्यानंतरचे तीन आठवडे हे रोज पहाटे कात्रजच्या रस्त्यावर जाऊन वळणं घेण्याचा सराव करत. दवाखान्यातून आल्यावर गाडीखाली पडून राहत. ज्यांना आपली घरची गाडी अशा ठिकाणी न्यायची आहे त्यांनी एवढं तरी करावंच. ब्रेक आवळून घ्यावेत, चाकांच्या तारा एकेक करून हलवून पाहाव्यात, तेल बदलावं आणि टायर झिजलेले असतील तर हौस पुढच्या वर्षावर टाकावी. यांचं म्हणणं होतं की शर्यतीत गाडी पळते ती शर्यतीच्या दिवशी नाही, आदल्या पंधरवड्यात पळते.

शुक्रवारी उजाडता उजाडता निघालो. कात्रजचा घाट, खेड-शिवापूर, कापूरहोळ आणि मग उजवीकडे वळून भोर. सातारा रस्ता चांगला आहे, कापूरहोळनंतर धूळ फार. टप चढवलेला असला तरी डोक्याला फडकं बांधून घ्यावं. भोरला पेट्रोलचे दोन डबे घेतले. भाव पुण्यापेक्षा थोडा चढा पडतो, पण पुढे घाट उतरेपर्यंत पेट्रोल मिळत नाही, म्हणून तिथे काटकसर करू नये. एका खानावळीत पिठलं-भाकरी आणि ताक मिळालं. दोघांचं मिळून रुपयाच्या आत भागलं.

वरंध घाटाच्या माथ्यावर वाघजाईच्या देवळाशी गाडी थांबवली. इंजिन तापलं होतं, आणि समोर कोकण असं अचानक उघडलं होतं की थांबल्याशिवाय राहवेना. खाली दरीत धूर तरंगत होता, पलीकडे डोंगराच्या रांगांवर रांगा. आम्ही देवीला नारळ वाढवला, अर्धा तास बसलो.

निघताना बटण दाबलं तर इंजिन चालू होईना. बॅटरी उतरली होती. हे पुढे जाऊन हँडल मारू लागले. स्टिअरिंगखाली ठिणगीची वेळ पुढेमागे करण्याची एक छोटी दांडी असते. गरम इंजिनाला हँडल मारण्यापूर्वी ती मागे ओढायची असते. यांना ते पक्कं ठाऊक होतं. दुसऱ्या कुणाची गाडी असती तर यांनीच सांगितलं असतं. पण निघायची घाई झाली होती. हँडल उलटं फिरलं आणि यांच्या उजव्या मनगटावर बसलं.

हे रस्त्याच्या कडेच्या दगडावर जाऊन बसले आणि डाव्या हाताने उजवं मनगट चाचपलं.

"मोडलंय," हे म्हणाले. रोग्याला सांगतात तितक्याच शांतपणे. मग माझ्याकडे वळून, "तुला चालवावी लागेल."

"मागे फिरू या?"

"मागे भोर लांब आहे. महाड जवळ आहे आणि कर्णिकांकडे माणसं आहेत. खालीच जाऊ."

उपरण्याची झोळी करून मी यांचा हात गळ्यात अडकवला. दांडी मागे ओढली, अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवून हँडल धरलं आणि एका झटक्यात वर खेचलं. वाचणाऱ्यांनी हे अंगठ्याचं लक्षात ठेवावं. अंगठा हँडलभोवती गुंडाळला की उलट्या झटक्याला तो सुटत नाही.

घाट मी पहिल्या गियरमध्ये उतरले. आमच्या गाडीला ब्रेक फक्त मागच्या चाकांना आहेत. ते सतत दाबून धरले तर तापून निकामी होतात, म्हणून उतार इंजिनाच्या जोरावर सोसायचा आणि ब्रेक नुसता शिवून सोडायचा. प्रत्येक वळणाआधी भोंगा. समोरून लाकडाच्या गाड्या चढत होत्या. चढणाऱ्याला वाट द्यावी हा रिवाज आहे. एका ठिकाणी दरीच्या बाजूने थांबून मी त्यांना वाट दिली. हे शेजारी बसून होते. मनगट सुजून लाल झालं होतं. वळणावळणाला "हं, आता" एवढंच म्हणत होते.

वरंध गावात पहिल्याच घरासमोर गाडी उभी केली. अंगणात एक बाई वाल निवडत बसली होती. नाव पार्वती. तिने आधी गाडीकडे पाहिलं, मग यांच्या हाताकडे, मग माझ्याकडे.

"काय झाला गो बाय?"

"हात मोडलाय. बांधायला बांबूची कामटी मिळेल का?"

"मिलंल की." तिने पडवीतून कामट्या आणल्या, सुरीने तासून गुळगुळीत केल्या. मी यांच्या सांगण्याप्रमाणे बांधत होते. तिने कोपर धरून ठेवलं होतं. "घाट तूच उतरवलास?"

"हो."

"माजा दादला मुंबईत सायबाची मोटार चालवतो. दिवालीला आला का सांगतो, बायांना काय ता जमायचा नाय." ती माझ्याकडे बघून हसली. "आता आला का सांगते त्याला, वरंधावरून एक बाय खाली आली, माज्या डोल्यानं पायली."

तिने तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं वाढलं. यांना डाव्या हाताने जमेना, म्हणून मी घास भरवले. एवढ्या वर्षांत यांना दुसऱ्याच्या हातून खाताना मी प्रथमच पाहिलं.

बिरवाडीवरून महाडला पोहोचलो तेव्हा ऊन कललं होतं. कर्णिकांच्या ओळखीच्या हाडवैद्याला बोलावलं. त्याने कामट्या तशाच ठेवल्या, वर लेप बांधला. चहाला शर्यतीतली आणखी मंडळी जमली. त्यांत पोलादपूरकडचे नानासाहेब होते. मैदान त्यांच्याच खाचरांत होतं, आणि त्यांची गाडी सगळ्यांत नवी होती.

"डॉक्टर, तुमची निराशा झाली," कर्णिक म्हणाले. "आता उद्या पाहुणे म्हणून बसा."

यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. कपाकडे पाहत म्हणाले, "गाडी धडधाकट आहे. हिला चालवू द्याल का?"

मला हे आधी काही बोलले नव्हते.

"बायकांना बंदी असा काही नियम आम्ही केलेला नाही," कर्णिक म्हणाले. "खरं सांगायचं तर तो करायचं सुचलंच नव्हतं."

नानासाहेबांना ते पटलं नाही. वाईट बोलले नाहीत, पण स्पष्ट बोलले. "माझ्या जमिनीत काही झालं तर लोक मला विचारतील. वहिनींना ही जागा नवी, गाडी जुनी."

"जागा सगळ्यांनाच नवी आहे," हे म्हणाले. "मैदान गेल्या आठवड्यातच झालंय ना?"

त्यावर नानासाहेबांनी हसत हात जोडले. ठरलं.

खोलीत आल्यावर मी यांना म्हटलं, "तुम्ही तीन आठवडे खपलात. मी चालवली तर तुम्हाला वाईट वाटेल."

"वाटेलच. नाही चालवलीस तर जास्त वाटेल." मग हे दारातून बाहेर गाडीकडे बघत म्हणाले, "एक मात्र आहे. सोमवारी दवाखाना उघडायचाय. हीच गाडी आपल्याला घाट चढवून घरी नेणार आहे. तेवढी ताकद तिच्यात शिल्लक ठेव."

पहिल्यांदा जाणाऱ्याला याहून चांगला सल्ला मला देता येणार नाही. शर्यतीची गाडी मोडली तर ती दुरुस्तीला जाते. घरची गाडी मोडली तर घर अडतं.

शनिवारी सकाळी आम्ही दोघांनी मार्ग आधी पायी फिरून पाहिला. हे कुणी चुकवू नये. गाडीतून सगळी जमीन सपाट दिसते, पायांना मात्र कळतं की कुठे मोडलेल्या बांधाचा उंचवटा राहिलाय, कुठे कापलेल्या भाताच्या सडांवरून चाक घसरेल. नदीकडच्या वळणावर माती भुसभुशीत होती. वळणाच्या बाहेरच्या अंगाला चुना लावलेला एक मोठा दगड होता. गाडीतलं सुटं सामान, डबे, जॅक, जादा चाक, सगळं उतरवून ठेवलं. चाकांतली हवा बेताची ठेवली. कमरेला दुसरं उपरणं आवळून मी स्वतःला सीटच्या पाठीला बांधून घेतलं, म्हणजे वळणावर सरकायला नको.

आधी सरावाची फेरी होती. मी सुसाट निघाले आणि नदीकडच्या वळणात शिरल्यावर घाबरून ब्रेक दाबला. मागची चाकं निसटली. गाडी अर्धी फिरली आणि त्या चुन्याच्या दगडाच्या रोखाने सडांत जाऊन थांबली. दगड हातभर राहिला होता. बघायला आलेल्या गर्दीतून कुणी तरी म्हणालं, "गेली रे गेली," आणि मग, "नाय, हाय."

हे खाचरांतून चालत माझ्यापर्यंत आले. मला वाटलं, आता पुरे म्हणतील.

"कुठे बघत होतीस?"

"दगडाकडे."

"म्हणून तिकडे गेलीस. घाटात दरीकडे बघत होतीस का?"

"नाही. पुढच्या वळणाकडे."

"मग इथेही तेच कर. वेग सरळ रस्त्यावर असतानाच कमी कर, वळणात ब्रेकला पाय लावू नकोस."

हे परत जाऊन वळणाच्या आतल्या बाजूला रोवलेल्या निशाणाशेजारी उभे राहिले. तिथून हलले नाहीत.

गाड्या एकामागून एक सोडत होते. प्रत्येकाला तीन फेऱ्या, कर्णिकांच्या हातात घड्याळ. माझी पाळी आली. पहिली फेरी मी जपून घेतली. दुसरीत मात्र काहीतरी जुळून आलं. सरळ रस्त्यावर ब्रेक, पाय काढला, नजर वळणाच्या पलीकडे, स्टिअरिंग सावकाश फिरवलं, आणि गाडी ताणून धरलेल्या दोरीसारखी वळली. यांच्या शेजारून जाताना गळ्यात अडकवलेली पांढरी झोळी तेवढी दिसली. इंजिनाचा आवाज, वाऱ्यात उडणारी धूळ आणि मी, एवढंच जग होतं. असं सुख मला आधी ठाऊक नव्हतं, हे लिहायला मी लाजणार नाही.

तिसऱ्या फेरीत ब्रेकचा पाय नेहमीपेक्षा खोल गेला. जळका वास आला. ब्रेक तापले होते. अजून एक वळण जोरात घेतलं असतं तर कदाचित निभावलं असतं, कदाचित नसतं. मी सरळ रस्त्यावर लवकर पाय उचलला आणि शेवटचं वळण इंजिनाच्या जोरावर, सावकाश काढलं. शेवटची रेषा ओलांडल्यावरही लगेच थांबले नाही. एक फेरी हळूहळू मारून सगळं निवू दिलं. तापलेल्या गाडीला एकदम उभं करून हातब्रेक ओढू नये.

नानासाहेब पहिले आले. त्यांनी गाडी सुरेखच चालवली. महाडचे एक वकील दुसरे, आणि मी तिसरी. एका गृहस्थांचा टायर वळणावर निखळला आणि त्यांची गाडी बैलांनी ओढून आणावी लागली, त्यांना लागलं मात्र नाही. नानासाहेब माझ्याकडे येऊन म्हणाले, "वहिनी, शेवटच्या फेरीत तुम्ही मुद्दाम वेग सोडलात."

"सोमवारी दवाखाना आहे," मी म्हटलं.

ते यांच्याकडे वळले. "डॉक्टर, वहिनींची दुसरी फेरी माझ्यापेक्षा चांगली होती. मी घड्याळ पाहिलंय."

हे डाव्या हाताने गाडीच्या बॉनेटवर थोपटत राहिले, ते कितीतरी वेळ.

रविवारी निघण्यापूर्वी ब्रेक पुन्हा आवळले, महाडला पेट्रोल भरलं. ज्यांना सवड असेल त्यांनी एक दिवस जास्त ठेवून पाचाडला बैलगाडीने जावं आणि रायगड चढावा. आम्हाला ते जमलं नाही. घाट चढताना इंजिन तापतं, म्हणून पाण्याची घागर बरोबर ठेवावी. आम्ही दोनदा थांबलो. माथ्यावर पोहोचलो तेव्हा हे झोपी गेले होते. डोकं टपाच्या काठीला टेकलेलं, तोंड किंचित उघडं. माझ्या चालवण्यावर हे झोपू शकतात हे मला कुठल्याही बक्षिसापेक्षा मोठं वाटलं. भोरपर्यंत मी भोंगासुद्धा जपून वाजवला.

मनगट बरं व्हायला शिमगा उजाडला. तोवर रोग्यांकडे यांना मीच नेत होते. कामट्या सुटल्यावर हे पुन्हा स्वतः चालवू लागले, आणि आता सारं पूर्वीसारखं होईल असं मी धरून चालले होते. एका दुपारी दवाखान्यात गर्दी होती आणि शिवापूरला एका बाळंतिणीला औषध पोहोचवायचं होतं. हे आतून बाहेर आले, बाटली माझ्या हातात दिली.

"मला निघता येत नाही. तू जाऊन ये. तिचा ताप बघ आणि मला येऊन सांग."

बरोबर कोण येणार, हे यांनी विचारलं नाही. मीही विचारलं नाही. पदर खोचला, बाटली फडक्यात गुंडाळून शेजारच्या सीटवर ठेवली आणि एकटी निघाले. कात्रज चढताना गार वारा सुटला होता. शिवापूरला पोहोचले तेव्हा बाळंतिणीचा ताप उतरला होता.