काळी, पांढरी आणि एक बोट

शिरूरच्या बायपासला विक्रमचं गोडाऊन आहे. पूर्वी तिथं कांदा भरायचे. आता बँजो पार्टीचं सामान असतं. स्पीकर, वायरींची भेंडोळी, टेम्पोच्या झालरी. कांद्याचा वास मात्र अजून गेलेला नाही.

त्या गुरुवारी बिरदेव न्हावऱ्यावरून एसटीनं आला, तेव्हा टेबलावर दोन पेट्या उघड्या होत्या. एकीत काळी गिटार, दुसरीत पांढरी. दोन्ही बाहेरच्या देशातल्या. असल्या गिटारी त्यानं मोबाइलवर पाहिल्या होत्या. हात कधी लावला नव्हता.

"बसा मामा. च्या घ्या आधी," विक्रम म्हणाला. विक्रम पार्टीचा मालक. तिशीचा, बागायतदाराच्या घरचा. बिरदेवला तो पोरगेला होता तेव्हापासून मामाच म्हणायचा. "पुण्यावरनं पसंतीला आणल्यात. रविवारपर्यंत आपल्याकडं. एक ठेवायची, एक माघारी. माघारी जाईल तिच्यावर डाग दिसता कामा न्हाई, एवढीच दुकानदाराची अट."

"आन् ठरवायचं कुणी?"

"तुम्हीच की. वाजवणार तुम्ही. मी काय, मला दोन्ही सारख्याच दिसत्यात."

"एक काळी हाय, एक पांढरी हाय मालक," बँजो पुसत बसलेला माऊली म्हणाला. "येवढं तरी दिसतंय ना?"

बिरदेव हसला. मग नळावर जाऊन हात धुऊन आला. डावा हात त्यानं जरा जास्त वेळ पाण्याखाली धरला.

बिरदेव पन्नाशीला टेकला होता. पाटसच्या माळावर त्याची वस्ती. आज्याच्या काळात मेंढरं होती, बापानं ती मोडून जमीन धरली. बिरदेवला शिकायला मामाकडं दौंडला ठेवलं. मामा रेल्वेत खलाशी. शेजारच्या क्वार्टरमध्ये डिसोझा नावाचे गार्ड राहायचे. ड्यूटीवरून आले की ओट्यावर गिटार घेऊन बसायचे. शाळेत बिरदेवचं फारसं काही झालं नाही. ओट्यावर झालं. तार नुसती दाबायची नाही, वर ओढायची, आणि ओढली की घाईनं सोडायची नाही, हे डिसोझांनी त्याला शिकवलं. पुढं तो ऑर्केस्ट्रात गेला. ऑर्केस्ट्रे बंद पडले तसा बँजो पार्टीत आला. आठवडाभर रांजणगावच्या एका कंपनीत प्रेसवर उभं राहायचं, आणि लग्नसराईत टेम्पोवर.

बँजो पार्टीत गाणं बँजो वाजवतो. गिटार मधल्या जागा भरते. पण गाण्याच्या ऐन भरात माऊली थांबायचा, आणि बिरदेव एक तार वर ओढून धरायचा. तो सूर लांबत जायचा, नाचणारे हात वर करून तसेच थांबायचे. शिरूरपासून दौंडपर्यंत लोक त्या एका सुरासाठी या पार्टीला सुपारी देत.

ती तार तो अनामिकेनं ओढायचा. आणि गेल्या पावसाळ्यापासून ती अनामिकाच अडकत होती. मिटली की उघडायची नाही. दुसऱ्या हातानं सरळ करावी लागायची, मग कट् करून सुटायची. दौंडच्या डॉक्टरांनी प्रेसचं काम आणि गिटार दोन्ही थांबवायला सांगितलं होतं. बिरदेवनं दोन्ही थांबवलं नव्हतं. पार्टीत कुणाला सांगितलंही नव्हतं.

त्यानं आधी पांढरी घेतली. हलकी होती. मान बारीक, तारा बोटाखाली लोण्यासारख्या. अनामिकेनं जराशी ढकलली तरी तार वर जात होती. अडकायची वेळच येत नव्हती. तो बराच वेळ वाजवत राहिला. आवाज स्वच्छ होता, थोडा पातळ.

मग काळी. उचलतानाच खांद्याला कळलं. मान जाड, मूठ भरून यावी अशी. त्यानं एक सूर धरला आणि गोडाऊनमधली कुजबुज थांबली. गुऱ्हाळावर कढईतून काकवी ओतावी तसा तो आवाज जाडसर होता, तुटता तुटत नव्हता. तार ओढायला गेला आणि बोट अडकलं. त्यानं हात पाठीमागं नेला, मांडीवर बोट सरळ केलं.

"काय झालं मामा?"

"काय न्हाई. खाज."

"मग? कुठली?"

"खोलीत काय कळतंय? शनिवारी न्हावऱ्याचं लग्न हाय. दोन्ही टेम्पोवर घेऊ."

शनिवारी दुपार कलली तशी परण्याची मिरवणूक निघाली. पुढं मारुतीला निघालेला नवरदेव घोड्यावर, मधे नाचणारे, मागं टेम्पो. टेम्पोच्या मागच्या अंगाला जनरेटर धडधडत होता. बिरदेवनं सुरुवातीला काळी गळ्यात घातली. मारुतीच्या देवळापर्यंतच खांदा भरून आला. पण आवाज असा लागला की म्हातारी माणसंही ओट्यावरून उठून बघायला लागली. ऐन जागेवर माऊली थांबला. बिरदेवनं तार ओढली. बोट अडकलं. सूर वर गेला तो खाली येईना. पोरांना वाटलं, ही नवी तऱ्हा. त्यांनी शिट्ट्या मारल्या. माऊलीनं बिरदेवच्या तोंडाकडं पाहिलं आणि चटकन बँजो सुरू केला.

देवळापाशी नारळ फुटेस्तोवर बिरदेवनं गिटार बदलली. पांढरीवर बोट पळायला लागलं. त्याला हायसं वाटलं. पण गाणं थांबलं, तरी स्पीकरमधून बारीक घूं असा आवाज येत राहिला.

"मामा, मोहोळ उठलं का काय?" माऊली ओरडला.

"अर्थिंग बघा रे!" विक्रम खालून म्हणाला. ड्रायव्हरनं वायरी हलवल्या. फरक पडला नाही.

बिरदेवला कळलं होतं. हे वायरीचं नव्हतं. पांढरीची जातच तशी होती, जनरेटरजवळ आली की ती त्याची घरघर उचलायची. काळी उचलत नव्हती. गोडाऊनमध्ये लाइटीवर हे कळलंच नव्हतं. कुणीतरी पाण्याची बाटली पुढं केली. ती घ्यायला बिरदेव मागं वळला, आणि घूं बंद झालं. पुन्हा पुढं वळला, पुन्हा सुरू. तेवढ्यात नवरदेवाचे मित्र नाचायला लागले आणि वाजवावं लागलं.

"वायरीचंच व्हतं ना ते?" सामान उतरवताना विक्रमनं विचारलं.

व्हय म्हटलं की झालं असतं. पांढरी राहिली असती, आणि पांढरीमागं बिरदेवही. काळी राहिली तर तिच्यासाठी नवं बोट शोधावं लागणार होतं.

"उद्या सांगतो," बिरदेव म्हणाला. "पेट्या माझ्याकडं राहू द्या. टेम्पोत तापतील."

विक्रमनं त्याला चौफुल्यापर्यंत सोडलं. वस्तीवर पोचला तेव्हा त्याला जेवायचंही सुचत नव्हतं. तो बाजेवर आडवा झाला. त्याची आई बानूबाई वाटीत तेल कोमट करून आली आणि बोट चोळायला बसली. हे रोजचंच होतं. चोळता चोळता ती पेट्यांकडं बघत होती.

"ह्यातली आपली कंची?"

"अजून कुठली न्हाई."

"आरं पर, हात चालतो कंच्या गिटारीवर?"

"पांढरीवर," बिरदेव डोळे मिटूनच म्हणाला.

म्हातारीनं तेलाची वाटी झाकून ठेवली. बिरदेव पडल्या पडल्या छताच्या पत्र्याकडं बघत राहिला. या पार्टीत त्याची उमर गेली होती. खोटं एवढंच बोलायचं होतं, एका शब्दाचं. पण पुढच्या प्रत्येक लग्नात ते घूं वाजलं असतं, आणि प्रत्येक वेळी विक्रमनं वायरी हलवल्या असत्या. एवढं ओझं वागवायची त्याच्यात ताकद उरली नव्हती.

रविवारी तो आंघोळ करून निघाला. पेट्या बंद होत्या. तशाच उचलल्या.

गोडाऊनमध्ये विक्रम आणि माऊली वाट बघत होते. बिरदेवनं चहाला नको म्हटलं.

"काळी ठेवा. पांढरी टेम्पोवर कायम घूं करणार. वायरीचं न्हाई ते, तिचंच हाय."

"झालं तर मग," विक्रम म्हणाला.

"झालं न्हाई. काळी माझ्यानं वाजत न्हाई." त्यानं हात पुढं केला. अनामिका मिटली. ती तशीच राहिली. दुसऱ्या हातानं त्यानं ती उघडली. कट् असा आवाज झाला.

विक्रमनं खुर्ची पुढं ओढली.

"कवापासनं?"

"पावसाळ्यापासनं."

"आधी का न्हाई सांगितलं मामा?"

"सांगितलं असतं तर ह्या पेट्या तुम्ही माझ्यापुढं उघडल्या असत्या का?"

विक्रम खुर्चीत मागं टेकला. त्याला वाईट वाटलं होतं. पण लग्नसराई तोंडावर होती. "बघावा लागंल कुणीतरी," तो हळूच म्हणाला. "तुम्ही याच की तवर. बसून सांगा नव्या पोराला."

"येईन."

"नवं पोरगं हुडकायला माझ्याकडं बघू नगा," माऊली म्हणाला. त्याच्या बोलण्यात नेहमीची गंमत नव्हती.

विक्रमनं पांढरी नीट पुसून द्यावी म्हणून पेटी उघडली, आणि तो तसाच थांबला.

पांढरी पिवळी झाली होती. मानेला तेल लावून वरून मूठभर भंडारा चोळलेला. तारांच्या खाली, बटणांच्या फटीत, पेटीच्या मखमलीवर, सगळीकडं हळद. मानेच्या कोऱ्या लाकडात ती पार मुरली होती.

बिरदेवनं त्या हळदीवर बोट टेकवलं. त्यांच्या घरात गजी नाचायला ढोल बाहेर काढायचा तर आधी भंडारा. ट्रॅक्टर आला तेव्हा भंडारा. हात चालतो ती आपली, एवढं म्हातारीनं ऐकलं होतं. तो आंघोळीला गेला होता तेवढ्यात तिनं घरची रीत करून टाकली होती.

"आईनं..." तो म्हणाला.

विक्रमनं फडकं उचललं. मग माऊलीकडं पाहिलं. माऊलीनं पायातल्या चपला केव्हाच काढल्या होत्या. चिमूटभर भंडारा घेऊन तो कपाळाला लावत होता.

"पुसताय व्हय मालक? पुसा. मी बाहेर थांबतो."

विक्रमनं फडकं खाली ठेवलं. काळीची पेटी उघडून तिच्यावर डाग नाही ना ते पाहिलं. मग त्यानं दुकानदाराला फोन लावला.

"काळी माघारी पाठवतोय," तो म्हणाला. "पांढरी देवाची झाली." फोन ठेवून बिरदेवकडं वळला. "आता त्या मोहोळाचं काय करायचं मामा?"

बिरदेवला पाण्याची बाटली आठवली, आणि मागं वळल्यावर थांबलेलं घूं.

त्या लग्नसराईत शिरूर-दौंडच्या रस्त्यांवर लोकांनी एक नवंच पाहिलं. टेम्पोवर सगळे वाजवणारे पुढं तोंड करून, आणि गिटारवाला एकटा पाठमोरा. पाटसला वरमाईनं विचारलंच, "ह्यो कुणावर रुसलाय?"

"तशी श्टाईल हाय त्यांची," विक्रमनं सांगितलं. मग टेम्पोच्या कडेला येऊन दबक्या आवाजात म्हणाला, "मामा, जरा तरी वळा की. लोकांस्नी तोंड दिसंना."

"सूर पायजे का तोंड?"

विक्रम टेम्पोच्या पुढं निघून गेला.

माऊली थांबला. बिरदेवनं तार वर ढकलली. सूर काळीसारखा नव्हता, पातळ होता. पण स्वच्छ होता आणि त्याच्याभोवती घूं नव्हतं. मागं कुठंतरी हात वर झाले असतील. त्याला ते दिसत नव्हते. त्याच्यापुढं होता तो चालून झालेला रस्ता. तुडवलेले रंगीत कागद, चपला हातात घेऊन मागं राहिलेली एक म्हातारी, आणि दोन्ही अंगाला तोडायला आलेला ऊस. बोट अजून अडकलं नव्हतं. त्यानं सूर सोडायची घाई केली नाही.