काकूंना माती व्हायचं होतं

आमच्या नर्सरीत खत करायचं काम माझं. खजुराच्या वाळक्या फांद्या, भाजीचा कचरा, घोड्याची लीद एकत्र करायची, पाणी मारायचं, आठवड्यानं पलटायचं. शाळा सातवीत सुटली, पण ढिगाचं मला कळतं. दुबईच्या पलीकडे, या रास अल खैमाच्या उन्हातसुद्धा माझ्या ढिगाला वास नसतो.

नर्सरी काका-काकूंची. राहायला ते शारजात, अल नहदाला. काकांनी मला इकडे आणलं आणि काकूंनी माणसात. ड्रायव्हिंगच्या परीक्षेचे प्रश्न त्यांनी वाचून वाचून माझ्याकडून पाठ करून घेतले. तीनदा नापास झालो, तरी चिडल्या नाहीत.

गेल्या वर्षी काकूंच्या आजारापुढे डॉक्टरांनी हात टेकले. अमेरिकेतली मुलगी म्हणाली, माझ्याकडे या. तिच्या राज्यात आता कायद्यानं परवानगी आहे म्हणे. माणूस गेला की जाळत नाहीत, पुरत नाहीत, भुशात-गवतात ठेवून त्याची माती करतात. काकूंना तेच हवं होतं. काकांना ऐकवेना.

"बाबा, इट्स लीगल नाउ," मुलगी फोनवर.

"तिकडे काय, सगळंच लीगल!" काका.

मग त्यांनी मला पाण्याच्या टाकीमागे नेलं. "खताचं ती तुझंच ऐकते. सांग तिला, किडे पडतात, घाण वास येतो. एवढं कर माझ्यासाठी."

मी "हो काका" म्हणालो. त्याच महिन्यात माझा व्हिसा संपत होता. आणि व्हिसा नसता संपत, तरी या माणसाला नाही कसं म्हणणार होतो?

काकू ढिगाजवळ खुर्ची टाकून बसल्या होत्या. मी खाली बघत म्हणालो, "काकू, त्यात किडे पडतात. वास येतो."

"गिऱ्हाइकांना सांगतोस, हुंगून बघा म्हणून. माझाच तेवढा वास येणार होय रे?"

मी ढिगावर पाणी मारायला घेतलं.

"काकांनी पढवलंय ना? खरं सांग. मला दुसरं कोण सांगणार?"

मग सांगून टाकलं. ओल राखली, वेळेवर पलटलं, तर किडे टिकत नाहीत. आतून इतकं तापतं की हात घालवत नाही. "हाडांचं मात्र मला माहीत नाही. आपण हाडं घालतच नाही."

"ती दळतात तिकडे," काकू म्हणाल्या. मिरच्यांचं सांगावं तसं.

मागे काका चहा घेऊन उभे होते. मला वाटलं, खलास. पण ते ओरडले नाहीत. कप काकूंच्या हातात देत म्हणाले, "राख असती तर गावच्या नदीला नेली असती. माती कुठे नेऊ?"

"कुंडीत भरा."

"आणि काय लावू? कोथिंबीर?"

काकू खोकला येईपर्यंत हसल्या. काका हसले नाहीत.

माझा व्हिसा काढून दिला त्यांनी, मगच दोघं गेले. तिकडे काकूंनी कागदावर सही केली. काकू अजून आहेत, पण अमेरिकेचा फोन वाजला की मी दोन-तीनदा वाजू देतो, मगच उचलतो. काकांनी एकच काम सांगितलं होतं, तेही मी केलं नाही. त्यावर ते कधी बोलले नाहीत.

परवा काकांचाच फोन होता. नर्सरीचं विचारून झालं. मग म्हणाले, "एका माणसाची माती किती होते रे?"

"मला कसं माहीत असणार, काका?"

"अंदाजे सांग. भुसा, गवत धरून."

मी मनातल्या मनात ढीग रचून बघितला. "पिशवीत नाही मावणार काका. गाडी लागेल."

"बरं," म्हणाले, आणि फोन ठेवला.