रॉकेटवाल्याचा मुलगा

आखातातल्या जबल अली बंदराजवळच्या कारखान्यात माझे सर जर्मन होते. समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या प्लांटसाठी आम्ही व्हॉल्व्ह बनवायचो. त्यांचे वडीलही इंजिनियर, पण महायुद्धातले. त्यांनी रॉकेटच्या इंधनाचे व्हॉल्व्ह डिझाइन केले होते. ती रॉकेटं कैद्यांकडून बनवून घेत आणि कैदी तिथेच उपाशी मरत. युद्ध हरल्यावर वडिलांना शिक्षा झालीच नाही. जिंकलेल्या देशाने त्यांना नोकरी दिली, घर दिलं, आणि म्हातारपणापर्यंत ते रॉकेटंच बनवत राहिले.

एकदा जेवताना सर म्हणाले, "मी त्यांना विचारलं होतं, ते कैदी तुम्हाला दिसत नव्हते का? 'दिसायचे की,' म्हणाले, आणि सूप पीत राहिले. म्हणून मी पाण्याचं काम धरलं."

गेल्या वर्षी आमची कंपनी विकली गेली. नव्या मालकांनी क्षेपणास्त्राच्या व्हॉल्व्हची ऑर्डर घेतली. सर राजीनामा देतील असं मला वाटलं. पण त्यांच्या बायकोची केमोथेरपी कंपनीच्या इन्शुरन्सवर चालू होती. त्यांनी ड्रॉइंग पूर्ण केलं. मॅनेजर खूश होऊन म्हणाला, "खलास, हबीबी! काम फत्ते!" सर पिशवी उचलून हॉस्पिटलला निघाले.

उन्हाळ्यात त्यांची बायको गेली, आणि ते जर्मनीला परतले. एअरपोर्टवर मी म्हटलं, "सर, फोन करत राहा." फोन कधी आला नाही.

आता त्यांच्या केबिनमध्ये मी बसतो. मुलगी इथल्याच शाळेत आहे आणि आम्हा सगळ्यांचा व्हिसा याच नोकरीवर आहे. कालच दुसरी ऑर्डर आली, आधीपेक्षा मोठी.