पप्पांचं शेवटचं हेड

आईनं आठही व्हॉल्व्ह एकाच घमेल्यात डिझेल ओतून घासले होते! तारेच्या घासणीनं! मी कॉलेजातून आले तर गॅरेजात पेपर अंथरलेला अन् त्यावर सगळे चकचकीत, भांडी पालथी घालावीत तसे.

"तुझ्या पप्पांचं काम असं काळंकुट्ट नाय ठेवायचं," ती म्हणाली.

पप्पांना जाऊन सतरा दिवस झाले होते. पुंडलिकनगरात घराला लागूनच त्यांचं गॅरेज, अन् एका गाडीच्या इंजिनाचं हे हेड, म्हणजे वरचं झाकण, त्यांच्या हातचं शेवटचं. व्हॉल्व्ह म्हणजे इंजिनाची दारंच. चारांतून हवा-पेट्रोल आत, चारांतून जळका धूर बाहेर. पप्पा प्रत्येक व्हॉल्व्ह त्याच्या-त्याच्या जागेवर पेस्ट लावून हातानं घासून बसवायचे अन् अंड्याच्या ट्रेमध्ये नंबरानं ठेवायचे, कारण एकाच्या जागी दुसरा नीट बसत नाय. अन् आता कोणता कुठला, कायच कळेना. मी आईवर ओरडले नाय. पण लई रडू आलं.

शेजारचे लेथवाले चाचा बघायला आले. "बेटा, नवे डाल दे. गाडीवाला परसों आएगा. तेरी अम्मी ने तो बारात के वास्ते चमका दिया इनको!"

नवे टाकले असते की. पण मग पप्पांनी घासलेले भंगारात गेले असते. मला ते नको होतं. बस.

दुसऱ्या दिवशी सकाळीच बसले. मोठ्या डोक्याचे चार ते हवा आत घेणारे, बारक्या डोक्याचे धुराचे. तरी मॅग्नेट लावून बघितलं. असल्या धुराच्या व्हॉल्व्हच्या डोक्याला मॅग्नेट चिकटत नाय, हे पप्पांनी मला चौथीत असताना दाखवलेलं! मग हेड उलटं ठेवलं, व्हॉल्व्ह जागेवर सोडले, वरून पेट्रोल ओतलं. बाजूच्या भोकातून ठिपकलं की चुकलं. काढा, दुसरा लावा.

दुपारपर्यंत सात जुळले. अन् खरं सांगते, दरवेळी पेट्रोल थांबलं की मी मान वळवून म्हणणारच असायचे, "पप्पा, बसला!" मागं त्यांचं स्टूल होतं. त्याच्याकडं पाठ करून बसवेना. मग तोंड करून बसले, तर तेही जमेना.

शेवटचा एक गळतच होता. सगळे काढले, परत लावले. गळलाच. तेव्हा कुठं उजेडात धरून बघितला. बाकीच्यांच्या कडेला पप्पांच्या घासण्याची राखाडी रेघ, गोल, सलग. याची रेघ अर्ध्यावर तुटलेली, पुढं बारीक खड्डे.

म्हणजे पप्पा इथं थांबले होते. "जरा छातीत भरल्यासारखं होतंय" म्हणून उठले, ते इथून उठले.

किती वेळ नुसती त्या तुटलेल्या रेघेकडं बघत होते कुणास ठाऊक. मग कडेला पेस्ट लावली, रबरी टोपीची काडी व्हॉल्व्हला चिकटवली अन् दोन्ही तळव्यांत धरून फिरवायला लागले. खर्र-खर्र, उचल, टक. खर्र-खर्र, टक.

आई आतून पळत आली. हाताला कणीक तशीच. दारात थांबली. मला बघितलं.

"मला वाटलं..."

"मी हाय, आई."

"व्हय," म्हणाली अन् तिथंच उंबऱ्यावर बसली.

अर्ध्या तासानं पेट्रोल ओतलं. एक थेंब नाय! बसला! "आई, बघ, बोट लावून बघ, कोरडं हाय!"

तिनं बोट लावलं नाय.

"अजून थोडं घास ना," ती म्हणाली.

घासायची काय गरज नव्हती. मी परत काडी फिरवायला लागले.