वाटाडी

“तुमचंच अजून कच्चं आहे, तुम्हीच बदला,” असं तुम्हाला कधी कुणी सांगितलंय? नसेल, तर तुमचं नशीब थोर. दवाखान्याच्या धुलाईखात्यात चादरींना इस्त्री करणाऱ्या आत्याचा उभा जन्म हेच ऐकण्यात गेला. पाळी बदल, रजा बदल, जागा बदल. मुकादमाचा आवाज चढला की तिच्या तोंडातून आपोआप “बरं” निघायचं.

भाचीने तिला रविवारच्या खेळाला नेलं. भाचीचं ऐकून तिथेही सगळे तिला आत्याच म्हणू लागले. वाचनालयाच्या हॉलमध्ये चार-पाच जण टेबलाभोवती बसतात, फासे टाकतात. प्रत्येकाचं एक पात्र असतं, कागदावर लिहिलेलं, आणि कुठल्याही टेबलावर तेच घेऊन बसायचं. या खेळमंडळाचा नियम असा: पात्र पहिल्या पायरीवर असेपर्यंत हवं तितक्या वेळा मोडा, नव्याने बांधा. दुसऱ्या पायरीचा पहिला फासा पडला की ते पक्कं. पुन्हा खोडाखोड नाही.

आत्याने तीनदा मोडलं, आणि तिन्ही वेळा दुसऱ्याच्या शब्दाखातर. भाचीला जोडीला चोर हवा होता, ही झाली चोर. एका टेबलाला तिरंदाज कमी, झाली तिरंदाज. मग जखमा बांधणारी. चौथ्यांदा मात्र जेवणाच्या सुट्टीत, चादरींच्या गठ्ठ्यावर कागद ठेवून, तिने स्वतःच्या मनाने लिहिलं: वाटाडी. लढता येत नाही, पण अंधारातही रस्ता कळतो.

त्या रविवारी दुसऱ्या पायरीचा खेळ होता. बस चालवणाऱ्या मामांनी टेबलावर नजर फिरवली आणि कपाळाला हात लावला.

“मांत्रिक, तिरंदाज, चोर आणि वाटाडी! पुढे उभं राहून मार कोण खाणार? ही फौज आहे का सहल?”

“आमची तिघांची पक्की झालीत,” गणिताचे मास्तर म्हणाले. “आत्या, तुमचं तेवढं कच्चं आहे. ढालवाली करून टाका. दहा मिनिटांचं काम.”

आत्याने खोडरबर उचललं. नाही म्हटलं तर पुढच्या रविवारी खुर्ची मिळेल? भाची तोंड फिरवेल? आणि हो म्हटलं, तर ती ढाल घेतलेली परकी बाई कायमची गळ्यात. खोडरबर कागदाला टेकलंसुद्धा. पहिलं अक्षर पुसट झालं.

“कर ना गं आत्या,” भाची पुटपुटली. “सगळे खोळंबलेत.”

आत्या उठली. दाराकडे एकदा पाहून तिने खोडरबर खाली ठेवलं.

“मला भीती वाटतेय,” ती म्हणाली. आवाज चिरकला. “पण मी बदलणार नाही. मार खायला कुणी हवं असेल, तर चिठ्ठ्या टाका.”

“चिठ्ठ्या? माझा मांत्रिक फुंकरीने मरेल, बाई!”

“मग मरू नका,” खेळ चालवणारी मुलगी शांतपणे म्हणाली. “पात्र त्यांचं आहे, मामा. टाका हो आत्या.”

फासा तिने टाकला म्हणण्यापेक्षा तिच्या बोटांतून निसटला. अगदी वाईट पडला. मामा करवादले, मास्तरांनी उसासा टाकला. वाटाडी मात्र पक्की झाली होती.

तेव्हा राग मानू नका, पण एक करा. तुमच्या शेजारी कुणी असा कच्चा कागद घेऊन बसलं, तर तुमच्या फौजेत काय कमी आहे ते त्याच्या माथी मारू नका. त्याला काय व्हायचंय ते विचारा, आणि तो बोलेपर्यंत जरा गप्प बसा.