कोऱ्या टेपा

प्रेमला वासनिक भंडाऱ्याहून पुण्यात आली ती शहाण्णव साली, आयटीआयचा कॉम्प्युटरचा कोर्स करून. सदाशिव पेठेतल्या बारा जणांच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत तिला नोकरी लागली. तिचं काम म्हणजे रोज संध्याकाळी सगळ्यांच्या कामाची जादा प्रत सर्व्हरवरून, म्हणजे मुख्य कॉम्प्युटरवरून, टेपवर उतरवायची, टेपवर तारखेचं लेबल लावायचं आणि ती कपाटात ठेवायची. तीन वर्षांत एक दिवस चुकला नव्हता. नव्या माणसाला मालक दत्तप्रसाद साने सांगायचे, "शिस्त शिकायची तर वासनिकबाईंकडे बघा."

नव्याण्णवच्या जूनमध्ये एका सोमवारी सर्व्हर सुरूच होईना. डिस्क गेली होती आणि तिच्यावरचं सगळं कामही. सगळे हवालदिल झाले. प्रेमला मात्र निवांत. "टेपा आहेत ना!" म्हणत तिने शुक्रवारची टेप दुसऱ्या मशीनवर लावली.

स्क्रीनवर काहीच उमटलं नाही. गुरुवारची लावली. बुधवारची. मग मागच्या महिन्याची. कोरी! थेट डिसेंबरची टेप तेवढी उघडली. टेपवर लिहिणारं यंत्र जानेवारीपासून बिघडलं होतं. 'काम पूर्ण' असं मात्र रोज इमानेइतबारे सांगत होतं.

ती कपाटासमोर फरशीवर बसली. शंभरावर कोऱ्या टेपा, प्रत्येकीवर तिचं सुवाच्य अक्षर, आणि एकही तिने कधी उघडून पाहिली नव्हती.

सान्यांनी एक टेप उलटसुलट पाहिली. "अक्षर सुरेख आहे हो तुमचं," एवढंच म्हणून ते आत गेले.

तिसऱ्या दिवशी ती राजीनामा घेऊन गेली.

"म्हणजे हे शहाणपण दुसऱ्या कंपनीला फुकट देणार?" साने म्हणाले. "बसा जागेवर. पुन्हा असं होऊ नये म्हणून काय करणार, ते लिहून आणा."

तिने एकच गोष्ट लिहून आणली: दर सोमवारी कोणतीही एक टेप दुसऱ्या मशीनवर उघडायची आणि ज्याचं काम त्याच्याकडूनच तपासून घ्यायचं.

सहा महिन्यांचं काम छापील कागदांवरून पुन्हा टाइप करून करून सगळे वैतागले होते. त्यांच्यातला तरुण प्रोग्रामर सौरभ तर चिडायचाच. "ताई, नवं यंत्र आलंय. आता दर आठवड्याला कशाला?"

"वाच," ती म्हणायची, आणि त्याचं होईपर्यंत शेजारून उठायची नाही.

दिवाळीनंतरच्या एका सोमवारी टेप पुन्हा कोरी निघाली. पण या वेळी सर्व्हर शाबूत होता. दुपारपर्यंत नवं यंत्र दुरुस्त झालं, सगळं पुन्हा टेपवर उतरलं.

पुढच्या सोमवारी ती ऑफिसात पोचली, तेव्हा सौरभ टेप लावून आधीच वाचत बसला होता.