सायकलसह हजर

माझा स्वभाव संशयी आहे, हे मी स्वतःच सांगून टाकतो; नाहीतर गावातलं कुणीतरी सांगेलच. अमडापूरला मी शाळेत मास्तर होतो आणि शाळेच्याच एका खोलीत गावचं पोस्टही सांभाळत होतो. या दोन्ही कामांनी माणसाचा संशय वाढतो. मनिऑर्डर घ्यायला आलेल्या एका म्हातारीचा अंगठा मी दोनदा उमटवून घेतला होता, आणि ती माझी सख्खी चुलती होती. बायको म्हणायची, "तुमाले म्या वाढलेल्या भाकरीचाबी पुरावा लागते."

महाराष्ट्र होऊन पाच-सहा वर्षं झाली होती आणि सीमेवरची लढाई नुकतीच थांबली होती. ग्रामपंचायतीच्या रेडिओवर बातम्या ऐकून ऐकून गावाला प्रत्येक परका माणूस हेर वाटू लागला होता. त्या हिवाळ्यात गुरांची औषधं विकणाऱ्या एका माणसाला आणि एका बहुरूप्याला पोलीस पाटलांच्या ओसरीवर चौकशीसाठी बसावं लागलं होतं. बहुरूपी पोलिसाच्या वेशात आला होता, त्यामुळे त्याचे जरा जास्तच हाल झाले. मी या असल्या चौकशांना हसायचो. माझा संशय वेगळ्या जातीचा, पुरावे तपासणारा आहे, असा माझा समज होता.

अशात एका दुपारी तो माणूस पोस्टात आला. तिशीचा असेल, खाकी अर्धी चड्डी, पाठीला पिशवी, आणि काखेत चक्क घडी घातलेली सायकल. त्यानं ती दारात ठेवली, मधले दोन नट फिरवले, आणि पुढचं चाक पुढं, मागचं मागं होऊन अख्खी सायकल उभी राहिली. त्याच्यामागून आलेली दहा-बारा माणसं दोन पावलं मागं सरली. पोलीस पाटील पुढं झाले.

"हे तं लष्कराची सायकल हाय," ते म्हणाले. "इमानातून छत्रीनं उतरते तवा अशीच पाठीले बांधते. तू काऊन फिरून राह्यला बे इकडं?"

तो शांतपणे म्हणाला, "लिलावात घेतली, पाटील. मी सोलापूरचा, गिरणीत होतो. या सायकलवरून मला जगाची सफर करायची आहे."

माणसं हसली. तो हसला नाही. त्यानं पिशवीतून मेणकापडात गुंडाळलेली एक जाड वही काढून माझ्यापुढं ठेवली. पानांवर आकडे घातलेले, प्रत्येक पानावर कुठल्या तरी गावचा शिक्का, सही आणि दोन ओळींचा शेरा. पासपोर्टसाठी त्याला मोठ्या माणसाची शिफारस हवी होती. मुंबईतल्या एका साहेबांनी त्याला अट घातली होती: आधी आपला नवा महाराष्ट्र सगळा फिरून दाखव, एसटी नाही, रेल्वे नाही, आणि गावोगावचे दाखले आण, मग पुढचं बघू. सगळे जिल्हे झाले होते. बुलढाणा शेवटचा. आमचा शिक्का, मग चिखलीचा, मग बुलढाण्याचा, आणि तिथून मलकापूरला जाऊन मुंबईची गाडी. दीड वर्ष त्या वहीत होतं आणि ती वही आता माझ्या टेबलावर होती.

मला तेव्हाच जाणवायला हवं होतं की माझ्या हातात काय आहे. पण मी विचार केला तो असा: घडी होणारी सायकल घेऊन फिरणाऱ्या माणसाला एसटीत बसायला कोण अडवणार? साधी सायकल असेल तर ती टपावर चढवावी लागते, चार माणसं बघतात. ही सीटखाली सरकवली की झालं. आणि जानेफळची एसटी येऊन पुरता अर्धा तास झाला नव्हता.

मी उठून त्याच्या सायकलचे टायर तळहातानं चाचपले. आमच्याकडं हिवाळ्यात सायकल तपासायची हीच रीत. जानेफळच्या रस्त्यावर तेव्हा नुकती खडी पसरली होती, सायकलवाले कडेकडेनं येत आणि कडेला सगळे सराटे. त्या वाटेनं आलेल्या टायरात दहा-पाच काटे नसतील तर तो टायर त्या वाटेनं आलाच नाही. याच्या टायरात एकही काटा नव्हता.

"काटे कुठं आहेत?" मी विचारलं.

"वाटेत सराटे फार होते. ठिगळं संपली होती, टायर विरलेत. म्हणून सायकल घडी करून खांद्यावर घेतली आणि चालत आलो."

"सायकलवर माणूस बसतो," मी म्हणालो, "माणसावर सायकल नाही."

सगळे पुन्हा हसले आणि मला माझ्या बोलण्याचा अभिमान वाटला. त्याच्या सदऱ्यावर खांद्याजवळ एक पिवळा डागही मी हेरला होता. ओली हळद. जानेफळची एसटी म्हणजे पोती, बोचकी, डबे. कुणाच्या तरी गाठोड्याला हा टेकून बसला असणार. हात-पाय, तोंड स्वच्छ. म्हणे हॉटेलापाशी धुतले. माझा खटला पूर्ण झाला. पाटलांना तो हेर वाटत होता, मला लबाड. दोघांनाही त्याच्याशी नीट बोलावंसं वाटलं नाही.

तरी शिक्का नाकारायचा धीर झाला नाही. मी पाच पैशांचं तिकीट चिकटवून त्यावर शिक्का मारला आणि पोस्टाच्या तपासणीला येणाऱ्या साहेबांच्या भाषेत खाली शेरा लिहिला: 'सदर इसम सायकलसह हजर झाले. सायकलवरून अगर अन्य वाहनाने आले, याबद्दल खात्री देता येत नाही.'

त्यानं शेरा वाचला. एकदा माझ्याकडं बघितलं. "मास्तर, हे असंच राहू देणार?"

"जे दिसलं ते लिहिलं."

त्यानं वही मेणकापडात गुंडाळली, रामराम केला आणि चिखलीच्या वाटेला लागला. घरी जाऊन मी बायकोला सगळी हकीकत रंगवून सांगितली.

दुसऱ्या दिवशी बाजार होता, म्हणून शाळा सकाळची. जानेफळ रस्त्यावर मळा असलेली एक माळीण भाजी विकून लेकीला कार्ड लिहून घ्यायला माझ्याकडं आली. मजकूर सांगता सांगता म्हणाली, "मास्तर, काल आमच्या मळ्यावरून एक येडा गेला. सायकल खांद्यावर घेऊन चालून राह्यला व्हता, वासरू नेल्यावानी. मले वाटलं, चोरून आणली. सोताची असती तं बसला नसता काय?"

माझा टाक थांबला.

"मंग थो पाणी मांगाले आला. खांदा पाह्यला म्या त्याचा, पार सोलून निंघाला व्हता. दांडीच्या लोखंडानं. हळद भिजवून लावून देल्ली म्या. म्हने, माय, टायर वाचवून राह्यलो, लय दूर जायाचं हाय."

मी कार्ड अर्धवट टाकून उठलो. ती ओरडत राहिली, "अवो, लेकीचा पत्ता तं टाका!" लाज वाटत होती, आणि त्या लाजेतही मी बाईला दारातून एकदा विचारलंच, "तू सोता पाह्यलं ना?" ती म्हणाली, "हाव, म्हंजे डोये कोनाचे व्हते?"

एसटी पकडून चिखली गाठली. तो सायकलच्या दुकानासमोर बसला होता. टायरला ठिगळं बसत होती आणि तो वाट बघत होता. मला बघून उठला नाही. मी म्हणालो, "माझं चुकलं. ते पान फाडून टाका, मी नवं लिहून देतो."

"पानांना आकडे आहेत, मास्तर. एक पान गेलं तर सगळी वही गेली."

"मग खोडतो."

"खोडलेलं दिसतं."

शेवटी त्याच पानावर, उरलेल्या जागेत मी लिहिलं: 'वरील शेरा माझ्या गैरसमजुतीने दिला गेला. सदर इसम सायकल खांद्यावर घेऊन पायी आले, अशी माझी खात्री झाली आहे.' खाली सही केली, तारीख घातली. अक्षर जितकं चांगलं काढता येईल तितकं काढलं.

त्यानं दोन्ही शेरे सावकाश वाचले. "खात्री कशी झाली?"

"एका बाईनं सांगितलं. आमच्या गावची आहे."

"मीही हेच सांगितलं होतं."

ठोकपीट चालू होती. दुकानदारानं चाक फिरवून बघितलं.

"एक विचारू?" तो म्हणाला. राग नव्हता त्याच्या आवाजात, आणि तेच मला सोसवेना. "ते साहेब हे पान उघडतील. एकच अक्षर, एकच सही, एका दिवसाच्या अंतरानं दोन शेरे. मास्तर, त्यांच्या जागी तुम्ही असता, तर यातला कोणता खरा धरला असता?"

खोटं बोलावंसं फार वाटलं. दुसरा, असं म्हणून मोकळं होता आलं असतं. पण त्या माणसाशी आणखी एक लबाडी करायची माझी छाती झाली नाही.

"पहिला," मी म्हणालो. "दुसरा गयावया करून लिहून घेतला, असं मला वाटलं असतं."

त्यानं मान हलवली, वही मेणकापडात गुंडाळली आणि सायकलवर बसून बुलढाण्याच्या रस्त्याला लागला.